काचेच्या पेटीतून बाळ घरी येतंय : घरी नर्स ठेवावी का?

रेवा_कराड
मंडळी, घाईत लिहितेय. भावाची मुलगी ३२व्या आठवड्यात झाली, जन्माचं वजन १५५० ग्रॅम. तेव्हापासून काचेच्या पेटीत होती. आता १८२० झाली आहे. नाकातली नळी निघाली, वाटी-चमच्याने पिते, थोडं थोडं अंगावरही ओढते. डॉक्टर म्हणाले, असंच चालू राहिलं तर शुक्रवारी घरी न्या.

आनंद आहेच, पण सगळ्यांच्या पोटात गोळाही आलाय. तिथे तीन पाळ्यांत सिस्टर आणि डोक्याशी टुकटुकणारा मॉनिटर. इथे सिझर झालेली वहिनी, भाऊ, दोन आज्या आणि त्यांची चार मतं. भाऊ म्हणतो, ब्युरोतून चोवीस तासांची नर्स लावू. ब्युरोवाल्याने सांगितलेला आकडा ऐकून बाबा मटकन खालीच बसले. वहिनी म्हणते, नर्स नको, मला सिस्टरनी सगळं शिकवलंय.

तर, नर्स ठेवावी का? आणि नाही ठेवली तर रात्री नेमकं कशाकडे लक्ष द्यायचं?

खवचट_काका
दोन आज्या आणि चारच मतं? तब्येती बऱ्या आहेत ना दोघींच्या?

(हघ्या, म्हणजे हलके घ्या. बाळाला खूप आशीर्वाद.)

मृण्मयी७
अभिनंदन रेवा! आमची जुळी ३३ आठवड्यांची. आम्ही ब्युरोतून बाई लावली होती. पांढरा गणवेश, खिशाला पेन, एकदम रुबाब. पहिल्या रात्री सहज विचारलं, आधी कुठे होतात? तर म्हणे एका आजोबांकडे, त्यांना पॅरालिसिस होता. बाई स्वभावाने फार चांगली, पण एवढंसं बाळ तिने कधी हातात घेतलेलंच नव्हतं. आडवं झोपवून चमचा थेट घशाशी नेत होती. मी घाबरून वाटी काढून घेतली. मग कामं बदलली. तिच्याकडे स्वयंपाक, दुपटी, वाट्या-चमचे उकळणं, आणि बाळं आमच्याकडे. त्यानंतर मात्र तिचा पैसान् पैसा वसूल झाला.

ठेवायचीच असेल तर दोन गोष्टी विचार. एएनएम किंवा जीएनएम (नर्सिंगचे अभ्यासक्रम) झाली आहे का, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आहे का. आणि एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) काम केलंय का. ब्युरोवाला दुसऱ्या प्रश्नाला ‘हो हो, सगळं येतं तिला’ म्हणाला तर फोन ठेवायचा.

घाटावरचा
मला एक कळत नाही. दवाखान्यातल्या नर्सचं एवढं कौतुक कशाला? आमच्या मुलाच्या वेळी (गावाचं, दवाखान्याचं नाव घेत नाही) आम्हाला दिवसातून दोनदा काचेतून दाखवायचे. बायकोने विचारलं, हात लावू का, तर ‘इन्फेक्शन करायचंय का तुम्हाला?’ असं खेकसून उत्तर. डिस्चार्जच्या दिवशी गाठोडं हातात दिलं, पाच मिनिटांत काहीतरी भरभर सांगितलं आणि चला. अशा वेळी माणूस पैसे टाकून नर्स लावेल नाहीतर काय करेल?

शमिका
घाटावरचा, +१. आमच्याकडे मात्र उलटा अनुभव. सिस्टर स्वतः बोलावून घ्यायच्या, गाऊन घाला, हात धुवा आणि घ्या छातीशी. दवाखान्या-दवाखान्यात फरक आहे.

कुंदाताई
मी सव्वीस वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात काढली, त्यातली बरीच नवजात विभागात. आता निवृत्त आहे, त्यामुळे मोकळेपणाने लिहिते.

आधी घाटावरचा यांना. खेकसणं चूकच, त्याची बाजू घेणार नाही. पण आत काय चालू असतं तेही ऐका. रात्रीच्या पाळीत एकेका सिस्टरकडे चार-पाच बाळं असतात. दर दोन तासांनी प्रत्येकाचं दूध. नळीतून द्यायचं तर आधी नळी जागेवर आहे का बघायचं. सलाईनचा मायक्रो सेट लावलेला असतो, त्याचे ६० थेंब म्हणजे १ मिली. हजार ग्रॅमच्या बाळाला तासाला चार मिली जायचे असतील तर आठ गेलेले चालत नाहीत. लंगोट काढला की काट्यावर ठेवायचा, कोरड्या लंगोटाचं वजन वजा करायचं, जितके ग्रॅम तितके मिली शू. ते चार्टवर लिहायचं. तेवढ्यात पलीकडच्या बाळाचा श्वास थांबतो, मग पळत जाऊन तळपायावर टिचकी मारायची. अशात दाराची बेल वाजली की तोंडून वाकडं निघतं. पण आईला बाहेर ठेवायचे दिवस आता गेले. जिथे अजून ठेवतात तिथे भांडा.

आता रेवा. रात्री कशाकडे बघायचं? मॉनिटर विसरा, हात वापरा.

हाताच्या मागच्या बाजूने आधी पोट, मग तळपाय. दोन्ही कोमट असले तर छान. पोट कोमट पण पाय गार, म्हणजे बाळ थंडीशी झगडतंय, उचलून छातीशी घ्या. दोन्ही गार, म्हणजे उघड्या छातीशी धरून त्याच पावली दवाखाना. कमी दिवसांच्या बाळाला आजार झाला की ताप येतोच असं नाही, बरेचदा ते गार पडतं. घरचे तापाची वाट बघत बसतात आणि वेळ जातो.

श्वास मोजायचा तो पूर्ण एक मिनिट, बाळ शांत असताना. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, या बाळांचा श्वास एका लयीत नसतो. मिनिटाला ६० किंवा जास्त आले तर पुन्हा मोजा. पुन्हा तेच आलं, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतोय, कण्हल्यासारखा आवाज येतोय, तर निघा.

आणि सगळ्यात आधी कळतं ते दुधावरून. २५-३० मिली घेणारी पोर अचानक १० वर आली, चाटेनाशी झाली, उठवूनही डोळे उघडेना, तर ‘आज जरा सुस्त आहे’ म्हणून झोपवायचं नाही. वॉर्डात आम्ही डॉक्टरांना रात्री उठवायचो ते बहुतेक वेळा याच कारणासाठी. ‘सर, पाच नंबर दूध घेत नाहीये.’ पुढचा रिपोर्ट सकाळी यायचा.

पाजताना डोकं उंच, बाळ पूर्ण जागं. वाटीची कड खालच्या ओठाला टेकवायची आणि तिला चाटू द्यायचं. ओतायचं नाही. दर दोन तासांनी, झोपली असली तरी उठवून.

वहिनीला सिस्टरनी शिकवलंय ना? मग डिस्चार्जच्या आधीचे एक-दोन दिवस सगळं तिलाच करू द्या, सिस्टर नुसती शेजारी उभी. भावालाही आत पाठवा. माझं मत, नर्स नको. कामाला बाई ठेवा.

पंतोजी
कुंदाताई, दंडवत. वाचनखूण साठवली.

सुमनआजी
कुंदाताईंचं पटतं, पण सगळंच दवाखान्यातलं कसं चालेल? आमच्या वेळी बोंडल्याने दूध पाजायचो, शेकशेगडी, तेल लावून अंघोळ, जायफळ-वेखंडाची गुटी. माझा धाकटा आठव्या महिन्यातला. बोर्डाच्या परीक्षेत तालुक्यात पहिला आला.

खवचट_काका
आजी, त्यात वेखंडाचा वाटा किती आणि क्लासचा किती?

बालवैद्य
सुमनआजी, बोंडलं आणि आजची वाटी यांची कल्पना एकच आहे. बाटलीपेक्षा स्वच्छ ठेवायला सोपं. तेवढ्यापुरते तुमच्याशी शंभर टक्के सहमत. तेलही चालेल, पण बाळाचं वजन वाढू लागल्यावर, हलक्या हाताने, आणि नाकात-कानात थेंब न सोडता. अंघोळ घाईने नको, दोन-अडीच किलोपर्यंत कोमट पाण्याने पुसून घेणं बास. शेगडीचा धूर मात्र नको म्हणजे नको. या बाळांची फुप्फुसं आधीच कच्ची असतात. गुटी नको. मध तर वर्षभर नाहीच, त्यातून बोट्युलिझम (जंतूंच्या विषामुळे होणारा गंभीर आजार) होऊ शकतो.

या धाग्यावर अजून कुणी लिहिलं नाही ते लिहितो, कारण यातच चूक राहून जाते. डोळे. ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोच्या खाली जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मापासून चार आठवड्यांच्या आत तपासलाच पाहिजे (फारच लवकर झालेल्यांचा त्याहून आधी). आरओपी म्हणतात त्याला. पडद्यावरच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढतात. बाहेरून डोळे अगदी टपोरे, छान दिसतात. वेळेत लेझर केलं तर नजर वाचते, हुकलं तर कायमचं आंधळेपण. डिस्चार्ज कार्डावर तारीख लिहिली आहे का बघा. नसेल तर विचारल्याशिवाय दवाखान्याबाहेर पडू नका. कानांची तपासणीही त्यातच विचारून घ्या.

रेवा_कराड
बालवैद्य, अंगावर काटा आला. आत्ताच भावाला फोन केला. कार्डावर ‘नेत्र तपासणी’ एवढंच लिहिलंय, तारीख नाही. उद्या सकाळी विचारतोय.

गोंडवनी
मी गडचिरोलीत आशाताईंबरोबर काम करते. शहरात ब्युरो तरी आहे, आमच्याकडे पावसाळ्यात रस्ताही नसतो. पण याच जिल्ह्याने हा प्रश्न आधी सोडवून दाखवलाय. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने नव्वदच्या दशकात ३९ गावांत बायकांना शिकवलं. सातवी-आठवी झालेल्या. बाळाचं वजन, तापमान, श्वास मोजणं, गुंडाळून उबेत ठेवणं, जंतुसंसर्ग ओळखणं, अगदी इंजेक्शनही. तिसऱ्या वर्षापर्यंत त्या गावांतले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. ज्या दायांना अंक मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी श्वास मोजायचं मण्यांचं साधन केलं होतं.

आज आशाताई घरी येते ती त्याच कामातून. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ४२ दिवसांत सहा भेटी. शहरातली माणसं तिला दारातूनच ‘आमचं डॉक्टरकडे चालू आहे’ म्हणून परत पाठवतात. नका पाठवू. तिच्या पिशवीत वजनकाटा आणि थर्मामीटर असतो.

आणि खाजगी बिलाने मोडलेल्यांसाठी, जिल्हा रुग्णालयात एसएनसीयू (आजारी नवजात बाळांचा खास विभाग) असतो. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी बाळाचे उपचार, औषधं, तपासण्या, ने-आण मोफत. २०११ला सुरू झाला तेव्हा तीस दिवसांच्या बाळापर्यंत होता, नंतर वर्षापर्यंत केला.

टेम्स_किनारी
गोंडवनी, फार छान माहिती.

जरा अवांतर, पण सिस्टर मंडळींच्या बाजूने. काविळीच्या बाळांना निळ्या दिव्याखाली ठेवतात ना, त्याची सुरुवात एका नर्समुळे झाली. इंग्लंडमध्ये एसेक्स परगण्यात रॉचफर्ड जनरल हॉस्पिटल. तिथल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या विभागाच्या प्रमुख सिस्टर वॉर्ड. त्यांचा हट्ट, बाळांना मोकळी हवा मिळाली पाहिजे. ऊन असलं की बाळांना घेऊन अंगणात. १९५६च्या उन्हाळ्यात राउंडला आलेल्या डॉक्टरांना त्यांनी जरा बिचकतच एक बाळ उघडं करून दाखवलं. सगळं अंग फिकट, पण एक त्रिकोण पिवळाधमक. डॉक्टरांना वाटलं काहीतरी फासलंय. तर चादरीचा कोपरा तेवढ्या भागावर राहिला होता, तिथे ऊन लागलं नव्हतं. तिथल्याच डॉ. क्रेमर आणि सहकाऱ्यांनी पुढे दिव्यांवर प्रयोग केले आणि १९५८ला निबंध छापला.

सुमनआजी
बघा! आम्ही कोवळं ऊन दाखवा म्हणतो तेव्हा हसता.

बालवैद्य
आजी, हसत नाही. पण उन्हाची मात्रा मोजता येत नाही, आणि १८०० ग्रॅमचं बाळ उघडं ठेवलं तर गार पडतं. कावीळ तळव्यांपर्यंत आली असेल तर ऊन दाखवत दिवस घालवायचा नाही, रक्त तपासायचं.

मृण्मयी७
कांगारू केअर राहिलं ना! रेवा, त्यासाठी नर्स लागत नाही, फक्त छाती लागते. बाळाला लंगोट, टोपी, मोजे, बाकी उघडं. दोन स्तनांच्या मध्ये उभं, पाय बेडकासारखे, मान एका कुशीला आणि किंचित वर, म्हणजे नाक दाबलं जात नाही. वरून सुती कापडाने बांधायचं. एका वेळी निदान तासभर. मी एका बाळाला आणि नवरा दुसऱ्याला, असे समोरासमोर बसून आम्ही मालिका बघायचो.

घाटावरचा
बापाने केलेलं चालतं?

मृण्मयी७
चालतं काय, पळतं. आजोबांनीही केलंय आमच्याकडे.

खवचट_काका
आजोबांच्या छातीवरचं जंगल बघून पोरगं बिचारं खरंच कांगारू समजलं असेल.

कुंदाताई
😄 काका, आम्ही वडलांना एवढंच सांगायचो, अंघोळ करून या, अत्तर-बिडी काही नको, आणि मोबाईल बाहेर. मोबाईलचं गमतीने घेऊ नका. हात कोपरापर्यंत धुतात आणि मग फोन उचलून त्याच हाताने बाळ घेतात.

ही पद्धत आली कोलंबियातल्या बोगोटामधून, १९७८-७९ च्या सुमारास, पेट्या पुरत नव्हत्या म्हणून. आता डब्ल्यूएचओ (जागतिक आरोग्य संघटना) म्हणते, पेट्या असल्या तरी हेच करा, दिवसात ८ तासांपासून पुढे जितकं जमेल तितकं.

शमिका
धागा लहान बाळाचा आहे, पण कुंदाताई दिसल्या म्हणून विचारून घेते. माझा दीड वर्षाचा मुलगा गेल्या महिन्यात जुलाब-उलट्यांनी ॲडमिट होता. शीर सापडेना. हात, पाय, शेवटी डोक्यावरचे थोडे केस भादरून तिथे सुई लावली. मी बाहेर उभी राहून रडत होते. डोक्यात सुई लावलेली धोक्याची असते का?

कुंदाताई
नाही गं. ती शीर कातडीखालीच असते, मेंदूशी काही संबंध नाही. गुटगुटीत मुलांच्या हातावर चरबीत शिरा लपतात, जुलाब झालेल्यांच्या शिरा चपट्या होतात, डोक्यावरच्या वरवर असतात. त्यासाठी रबरबँड डोक्याभोवती लावतो. हाताला लावायची तर खोलीतला दिवा बंद करून तळहाताखाली बॅटरी धरतो, शीर काळी रेघ दिसते. मग औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून, गॉज गुंडाळून हाताखाली बांधतो, म्हणजे मनगट वाकत नाही. आणि तो पुठ्ठा पोर दुसऱ्याच्या डोक्यात हाणतं, हे वॉर्डातल्या प्रत्येक सिस्टरने खाल्लेलं आहे.

दोनदा टोचून शीर मिळाली नाही तर दुसऱ्या सिस्टरला बोलवा, असं आईने म्हटलेलं चालतं. राग मानू नये कुणी.

आणि जुलाबात घरी काय करायचं ते इथेच सांगून टाकते. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात अख्खं टाकायचं, अर्धं-अर्धं नाही. चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्यायचं. दर एक-दोन मिनिटांनी एक चमचा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, अजून सावकाश. लोक ग्लासभर पाजतात, पोर भडाभडा ओकतं आणि मग ‘ह्याला ओआरएस पचत नाही’. पाजायचं चालू ठेवायचं, जेवणही. सोबत झिंक १४ दिवस, जुलाब थांबले तरी.

बालवैद्य
आणि पाकीट घेताना त्यावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलंय का बघा. फळांच्या चवीचे गोड खोके ओआरएस म्हणून खपवले जायचे. त्यात साखरच एवढी, की जुलाब वाढतात. एफएसएसएआयने (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) ऑक्टोबर २०२५ मध्ये असल्या पेयांच्या नावात ओआरएस वापरायला मनाई केली.

अजून एक, तापाच्या औषधाचं. पॅरासिटामॉलच्या ड्रॉप्समध्ये १ मिलीत १०० मिलिग्रॅम असतं आणि साध्या सिरपमध्ये ५ मिलीत १२० किंवा १२५. म्हणजे ड्रॉप्स चौपट कडक. ‘पाच मिली द्या’ असं फोनवर ऐकून घरातल्यांनी ड्रॉप्सचे पाच मिली दिलेले मी पाहिलेत. मात्रा वजनावर असते, किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. बाटली हातात घेऊन, मोठ्याने वाचून मग द्या. आणि दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर औषध देऊन बघायचं नाही, थेट दाखवायचं.

पंतोजी
धागा भरकटतोय, पण असा भरकटलेला बरा. आता मूळ प्रश्नावर येऊ या का? रेवाताई, काय ठरलं?

रेवा_कराड
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. डिस्चार्ज शुक्रवारऐवजी रविवारी आहे. शुक्रवारी डोळे तपासायला बाहेरून डॉक्टर येतात म्हणून दोन दिवस वाढवले.

ब्युरोवाल्याला मृण्मयीने सांगितलेले दोन प्रश्न विचारले. पहिल्याला तो म्हणाला, ‘ट्रेनिंग झालंय’, दुसऱ्याला ‘सगळं येतं’. फोन ठेवला. 😄 नर्स नाही. स्वयंपाक-धुण्याला शेजारच्या मावशी दोन महिने येणार आहेत. वहिनी कालपासून तिथे सगळी दुधं स्वतः पाजतेय. रात्री दहा ते बारा आणि पहाटेची एक पाळी भावाची, छातीशी घेऊन. आशाताईंचा नंबर मिळाला. आज्यांपैकी एक शेगडी बाजूला ठेवायला तयार झाली, दुसरीशी वाटाघाटी चालू.

एक विचारायचं राहिलं. घरी वजनकाटा घेऊ का? रोज वजन केलं तर बरं ना?

कुंदाताई
नको. रोजच्या वजनाने आईचं दूध आटेल. काटा दहा ग्रॅम इकडे-तिकडे झाला की घरात सुतक. शी-शू, कपडे, दूध पिण्याआधी की नंतर, सगळ्याने फरक पडतो. आठवड्यातून एकदा, एकाच काट्यावर, उघडं करून. दिवसाला सरासरी २०-३० ग्रॅम वाढ आली की झालं. दिवसातून सहा-आठ लंगोट ओले होतात का ते मोजा. व्हिटॅमिन डी आणि लोहाचे थेंब कार्डावर लिहिलेत का तेही बघ, आणि कुठल्या बाटलीचे किती ते सिस्टरकडून ड्रॉपरवर खूण करून घे.

घाटावरचा
कुंदाताई, आमचा दुसरा नंबर मार्चमध्ये आहे. आधीपासूनच सांगून ठेवतो, तुमच्या या धाग्याची प्रिंट काढून बॅगेत टाकणार आहे.

खवचट_काका
काढा. आणि बेल वाजवायच्या आधी वाचा.